चौथ्या बोअरसाठी गंठण मोडू का?

पत्र लातूर जिल्ह्यातून, औसा तालुक्यातून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, नाही छापत. पत्र मोठं आहे, कामाचं तेवढं खाली देते.

"ताई, आमचं पाच एकर रान आहे, सोयाबीन अन तूर. सासऱ्याची जुनी विहीर आहे पंचेचाळीस फुटाची, गाळानं भरलीय. तीन बोअर झाले. पहिलं ३८० फूट, ते जानेवारीपर्यंत थोडं थोडं चालतं. दुसरं ५५० ला फेल. तिसरं ७२० फूट, नुसता फुफाटा. त्याचं कर्ज अजून फिटायचंय. आता शेजारच्याला पाणी लागलं म्हणून मालकांनी पाणाड्या आणला, त्यानं बांधाजवळ पॉईंट काढून दिला. पाणी लागलं की दोन एकर ऊस लावायचा म्हणतात. बँक देत नाही म्हणून माझं गंठण मोडायचं ठरलंय, सासूबाई पण तेच म्हणतात. मी नाही म्हणलं तर घरात बोलणं बंद. हो म्हणलं अन कोरडं गेलं तर लेकीच्या शिक्षणाला काही उरत नाही. मालक वाईट नाहीत, पण रात्र रात्र जागेच असतात, चिडचिड करतात. मी बारावी शिकलेय, बचत गटात हिशोब लिहिते. काय करू?"

ताई, उत्तर आधीच देऊन टाकते म्हंजे पुढचं वाचेपर्यंत जीव टांगणीला नको. गंठण देऊ नका. बोअर पण आत्ता नको. आणि ऊस तर दोन एकर काय, दोन गुंठे पण नको.

गंठण तुमचं आहे, माहेरचं असो की सासरनं घातलेलं असो, ते स्त्रीधन, त्यावर मालकी तुमची एकटीची. २०२४ साली सुप्रीम कोर्टानं परत एकदा स्पष्ट केलंय की नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, अडचणीत त्यानं वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याचीच. पण हे कोर्टाचं घरात पहिल्याच दिवशी काढू नका. कायदा मनात ठेवायचा, बोलायचं हिशोबानं. तुम्ही गटाचा हिशोब लिहिता ना, मग हा पण लिहा, वही काढा, मी सांगते तसं.

एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण चार हजार लिटर पाणी होतं. तुमच्याकडं वर्षाला सातशे मिलिमीटर धरू, काही वर्षी जास्त पडतो, काही वर्षी निम्मा पण पडत नाही ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. सातशे म्हंजे एकरी अठ्ठावीस लाख लिटर. पाच एकराचे झाले एक कोटी चाळीस लाख. ऐकायला लई वाटतं. पण त्यातलं पीक पितं, ऊन पितं, नाल्यानं वाहून जातं, आणि आपल्या काळ्या दगडात खाली मुरतं ते शंभरातलं दहाच्या आसपास, कमीच धरा. म्हंजे तुमच्या पूर्ण पाच एकराच्या पोटात वर्षाला चौदा लाख लिटरची भर पडते. हा तुमचा खरा पगार. बोअर चार मारा नायतर चाळीस मारा, पगार वाढत नाही.

आता खर्चाच्या बाजूला ऊस लिहा. पाटानं पाणी दिलं तर एकरी ऐंशी लाख ते एक कोटी लिटर. त्यातलं वीस-पंचवीस लाख पाऊस देईल, बाकीचं वरून द्यायचं. ठिबक केलं तरी एका एकराला तीस-चाळीस लाख लिटर बोअरमधून उपसावंच लागतं, आणि मालक म्हणतात दोन एकर. पगार चौदा लाख, खर्च साठ-ऐंशी लाख. उरलेलं पाणी कुठून येणार? शेजाऱ्याच्या रानाखालून, आणि मग शेजारी अजून शंभर फूट खाली जाणार, की तुमचं बंद. आत्ता शेजाऱ्याला जे पाणी लागलंय ना ते पण असंच कुणाचं तरी आहे, कदाचित तुमच्याच ३८० वाल्या बोअरचं, कारण ते जानेवारीतच दम का टाकतं हा प्रश्न कुणी विचारला का?

याच चौदा लाखाचं दुसरं गणित मांडा. हरभऱ्याला दोन पाण्याच्या पाळ्या, एकरी पाच लाखाच्या आसपास लिटर, तुषार लावले तर त्याहून कमी. म्हंजे ज्या पाण्यात एक एकर ऊस निम्मा पण भिजत नाही त्यात अडीच-तीन एकर हरभरा निघतो, आणि प्यायला, जनावराला थोडं उरतं. हे गणित मालकांना दाखवा, माझं म्हणून नको, तुमचं म्हणून, तुमच्या अक्षरात.

पण दाखवताना एक ध्यानात ठेवा, मालक येडे नाहीत. ऊस लावायची इच्छा होण्यामागं अक्कल आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४८९२ रुपये होता आणि बाजारात कितीतरी जणांनी चार-सव्वाचार हजारानं घातली, उपाय नव्हता, घरात ठेवून कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. उसाला त्याच वर्षी केंद्राचा एफआरपी, म्हंजे सरकारनं ठरवलेला कमीत कमी दर, टनाला ३४०० रुपये होता, आणि तो देणं कारखान्याला कायद्यानं बंधनकारक, उशीर झाला, तोडणीला पैसे मागितले, वजनात काटा मारला तरी पैसे एकदम हातात येतात. गारपिटीत ऊस पूर्ण झोपत नाही. दर आठवड्याला फवारणी नाही. ज्या माणसाला भावाची एवढीशी खात्री कुठं मिळत नाही तो जिथं मिळते तिकडंच पळणार ना. दोष त्या माणसाच्या हावरेपणाचा नाही, डाळीला आणि तेलबियाला तशी खात्री कुणी देत नाही याचा आहे. हे तुम्ही त्यांना आधी कबूल करून टाका, मग पाण्याचं बोला. उलट क्रमानं बोललात तर ऐकणार नाहीत.

आता खालच्या दगडाचं. आपल्याकडं वरती काळी माती, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि वरच्या भेगाळलेल्या थरात, बहुतेक करून पहिल्या शंभर-दीडशे फुटात. खाली गेलं की दगड घट्ट होत जातो, एखादी भेग सापडली तर पाणी, नाही सापडली तर तुमच्या तिसऱ्या बोअरसारखा फुफाटा. सापडली तरी त्या भेगेतलं पाणी जुनं, हळूहळू साठलेलं, ते परत भरायला वेळ लागतो, म्हणून खोल बोअर पहिलं वर्ष धो धो चालतं आणि दुसऱ्या वर्षी गुळण्या टाकतं. पाणाड्या कडुलिंबाची काडी फिरवतो, नारळ उभा करतो, लागलं तर त्याचं कौतुक आणि नाही लागलं तर आपलं नशीब, या धंद्यात त्याला कधीच तोटा होत नाही. तमिळनाडूतून आलेल्या बोअरच्या गाड्यांना पण नाही, त्यांचा मीटर फुटावर चालतो, पाण्यावर नाही.

आणि हो, आपल्या राज्याचा २००९ चा भूजल कायदा आहे, त्यात ६० मीटर म्हंजे दोनशे फुटाच्या खालची ती खोल विहीर धरलीय आणि त्यावर बंधनं आहेत. ते पाळतं कोण ते सोडा, तुमचं पहिलंच बोअर ३८० आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा म्हणून ऑफिस असतं, त्यांच्याकडं ठरलेल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांची वर्षानुवर्षाची नोंद असते, फी भरून शेताची पाहणी पण करता येते. मालकांना एवढीच अट घाला: पाणाड्याचं ऐकायच्या आधी त्या ऑफिसातनं कागद आणा. तेवढा वेळ जरी गेला ना तरी डोकं थंड होतं.

लातूरकरांना हे मी सांगायची गरज नाही खरं म्हंजे. एप्रिल २०१६ मधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. पाच लाख! म्हंजे एका एकराच्या हरभऱ्याच्या दोन पाळ्या. अख्खा देश ती गाडी टीव्हीवर बघत होता आणि नंतर चांगला पाऊस झाला की परत तिथंच उसाचं रान वाढलं.

ज्या गावांनी हे उलटं करून दाखवलं त्यांनी पाणी वाढवलं ते आहेच, पण आधी खर्च बांधून घेतला. नगर, म्हंजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार, तिथं तर पाऊस तुमच्या निम्मा. पोपटराव पवार १९८९-९० मधे सरपंच झाले, डोंगरावर चर खोदले, झाडं लावली, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली हे सगळे सांगतात. पण शेतीसाठी बोअरवर बंदी घातली, ऊस-केळी नको म्हणाले, आणि दरवर्षी किती पाऊस झाला ते मोजून ग्रामसभेत ठरवतात की औंदा कुठलं पीक किती, हे बाकीची गावं घेत नाहीत. सहल काढून फोटो काढून येतात. त्याच्याही आधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनिअरनं बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम मला सगळ्यात आवडतो: पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. तुम्ही म्हणाल ताई मी काय सरपंच आहे का. नाही, पण हिशोब घरापासून सुरू करता येतो, आणि बचत गटातल्या दहा बायकांच्या घरात हाच प्रश्न असणार, पैज लावते.

मग करायचं काय. पहिली ती जुनी विहीर. तिचा गाळ काढा. पंचेचाळीस फुटाची विहीर ही नेमकी मुरमाच्या थरात बसलीय, म्हंजे पाणी जिथं असतं तिथं, आणि आपण तिच्यात गाळ साठू देऊन सातशे फुटावर शोधतोय. गाळ काढल्यावर झरे मोकळे होतात, गरज पडली तर आतून आडवे बोअर घेता येतात. खर्च बोअरच्या मानानं किरकोळ, मशीन एकट्यानं आणण्यापेक्षा चार शेतकऱ्यांनी मिळून आणलं तर अजून स्वस्त. निघालेला गाळ बांधाला टाकून नका देऊ, हलक्या रानात पसरा.

दुसरं, ३८० वाल्या बोअरचं पुनर्भरण. केसिंगच्या, म्हंजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाईपच्या भोवती दोन मीटर लांब, दोन रुंद, दोन खोल खड्डा घ्यायचा. खड्ड्यात उघड्या पडलेल्या केसिंगला खालच्या दीड-दोन फुटात चारी बाजूनं बारीक भोकं पाडायची, त्यावर काथ्या नायतर नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळायची, मग खाली मोठे दगड, वर गोटे, वर खडी, सगळ्यात वर जाड वाळू, आणि रानातनं वाहणारं पाणी तिकडं वळवायचं. केसिंगचं तोंड बंदच ठेवायचं. पहिल्या एक-दोन पावसाचं गढूळ पाणी बाहेर सोडून द्या, आणि फवारणीचं, खताचं, गोठ्याचं पाणी चुकूनही आत जाऊ देऊ नका, ते एकदा खाली गेलं की काढता येत नाही. पाऊस लागायच्या आत झालं पाहिजे हे काम. वाळू दरवर्षी वरची थोडी खरवडून धुवायची, लोक तेवढं करत नाहीत आणि म्हणतात पुनर्भरणाचा उपयोग झाला नाही.

सोयाबीनमधे पण पैसे वाचवायची जागा आहे, बियाण्यात. दरवर्षी पिशव्या विकत घ्यायची गरज नाही, सोयाबीन स्वपरागी आहे, घरचं बी चालतं, फक्त उगवण तपासायची. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, मोठे बारीक निवडू नका, येतील तसे. वरनं दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, सात दिवसांनी मोजा. सत्तर चांगले कोंब आले तर एकरी तीस किलो बी पेरायचं. सत्तरच्या खाली एकेक कमी झाला की अर्धा अर्धा किलो वाढवायचं, साठच्या खाली गेलं तर ते बी तेलाला द्या. आणि पेरणीची घाई नको, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, मग रुंद सरी वरंब्यावर पेरा, पाऊस कमी झाला तर ओल टिकते आणि जास्त झाला तर सरीतनं निघून जातो. दुबार पेरणी एकदा टळली तरी गंठणाचे दोन मणी वाचले समजा.

कर्जाचं. बँक देत नाही म्हणता, पण कुठलं देत नाही? थकलेलं कर्ज बोअरचं आहे की पीककर्जच थकलंय हे पत्रात कळत नाही. पीककर्ज चालू असेल तर ते काहीही करून वेळेत फिरवा, कारण तीन लाखापर्यंतचं मुदतीत भरलं की केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं, एवढं स्वस्त माणसाला सख्ख्या भावाकडनं पण मिळत नाही. ते थकलेलं असेल तर बँकेत जाऊन पुनर्गठनाचं विचारा, तोंड लपवू नका. सावकाराकडं तर जाऊच नका, आणि कुणाकडं जमीन लिहून देऊन पैसे घेतले असतील तर ते आत्ताच मला नाही तरी घरात एकमेकांना सांगा. २०१४ च्या सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारानं लिहून घेतलेली जमीन परत मिळवता येते, जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करायचा असतो.

आता तुमच्यासाठी एक मागणी, ही मी मुद्दाम वेगळी ठेवलीय. पाचातलं एक एकर तुमच्या निर्णयावर मागा. मालकीचं नंतर, आधी निर्णयाचं. तुमच्याच भागात, लातूर-धाराशिवकडं, स्वयम शिक्षण प्रयोग नावाची संस्था बायकांबरोबर हेच करत आलीय: शेतातला अर्धा-एक एकर बाईच्या हातात, त्यात आधी घरात खायचं, ज्वारी, डाळी, भाजीपाला, रासायनिक कमी, शेणखत जास्त, उरेल ते विकायचं. या कामाला २०१७ मधे संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कार जाऊ द्या, मुद्दा असा की सोयाबीनचं पाच एकराचं घर बाजारातनं भाजी आणि डाळ विकत आणतं, आणि कमी पडलं की पहिल्यांदा बाईच्या ताटातनं कमी होतं. तुमच्या ३८० च्या बोअरमधे एवढं एकर जपण्यापुरतं पाणी आहे.

मालकीचं पण सोडू नका. सासरे गेल्यावर रान मालकांच्या नावावर आलं असेल, तर लक्ष्मीमुक्ती योजनेत त्यांच्या संमतीनं सातबाऱ्यावर तुमचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, तलाठ्याकडं विचारा. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, संघटनेचे नेते शरद जोशींनी पुढं हा विषय लावून धरला आणि गावच्या गावं बायकांच्या नावावर जमीन करायला पुढं आली होती, म्हंजे ही काही शहरातली थेरं नाहीत. सासूबाईंना सांगताना असं सांगा की त्यांच्या नावावर काही नव्हतं म्हणून त्यांना आज सुनेच्या गंठणाकडं बघावं लागतंय. नाही पटलं तर नाही, पण कानावर पडू दे.

सगळ्यात महत्त्वाचं मी शेवटी लिहितेय, तुम्ही पण पत्रात दोन शब्दात उरकलंय. मालक रात्र रात्र जागे असतात. ही नुसती चिडचिड नसते ताई, पाण्याच्या आणि कर्जाच्या घरात तर नाहीच. त्यांना एकटं रानात जास्त वेळ राहू देऊ नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडं. जेवण तुटलंय का, मित्रांत जाणं बंद झालंय का, "माझ्यामागं" अशा भाषेत बोलतात का, बघा, आणि मरायचं मनात येतं का हे सरळ विचारा, विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं, आधी तुम्ही स्वतः लावून बघा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. ते "मला काय येड लागलंय का" म्हणतील, म्हणू द्या, झोप येत नाही म्हणून दाखवायला जाऊ असं म्हणून न्या.

बोलायची वेळ पण नीट निवडा. सासूबाई आणि दीर समोर असताना नको, माणूस आईसमोर माघार घेत नाही. जेवण झाल्यावर दोघंच असताना वही काढा. पहिलं वाक्य "मी देणार नाही" हे नको, "तिसऱ्या बोअरचे पैसे कुठं कुठं गेले ते आपण लिहून काढू" असं सुरू करा, गाडीचे, केसिंगचे, मोटारीचे, पाणाड्याचे, जेवणाचे, व्याजाचे. आकडे त्यांनाच सांगू द्या, तुम्ही फक्त लिहा.

बोअरच्या गाडीला ॲडव्हान्स दिलाय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिला असेल तर फोन करून पुढं ढकला, पाऊस झाल्यावर बघू म्हणा, गाडीवाले ओळखीच्या एजंटामार्फत येतात, ॲडव्हान्स बुडाला तर बुडू द्या पण त्यापायी गाडी रानात उभी राहू देऊ नका. एकदा उभी राहिली की दोनशेवर थांबू, तीनशेवर थांबू असं करत कुणीच थांबत नाही. आणि गंठण आत्ता घरात कपाटात असेल तर गटाच्या मीटिंगला निघाल तेव्हा बँकेत जाऊन लॉकरची चौकशी करून या, लॉकर नसेल तर माहेरी ठेवा, मालकांना सांगून ठेवा, लपवून नको.